स्नायू सैल कसा पडतो: कॅल्शियम पंपाची रचना आणि काम

परळला फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "पुस्तकात लिहिलंय की स्नायू सैल पडण्यासाठी सर्का नावाचं एन्झाइम एटीपी हे पेशीचं इंधन वापरून कॅल्शियम परत आत ओढतं. मला तीन गोष्टी कळत नाहीत. आकुंचनाला ताकद लागते हे पटतं, पण सैल पडायला कशाला लागावी? एन्झाइम म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, मग ते पंप कसं होतं, त्याला मधून भोक असतं का? आणि माझ्या आजीच्या पोटऱ्यांना रात्री गोळे येतात म्हणून ती कॅल्शियमच्या गोळ्या घेते, त्याचा या पंपाशी काही संबंध आहे का?"

मी मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात २९ वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. त्याआधी पीएचडीची चार वर्षं हेच प्रथिन सशाच्या स्नायूंतून काढण्यात गेली. त्यामुळे तुमचा दुसरा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे आणि उत्तराचा मोठा भाग तोच खाणार आहे. पण सुरुवात पहिल्यापासून करू.

विश्रांतीच्या वेळी स्नायूपेशीच्या पेशीद्रवात मोकळं कॅल्शियम फार थोडं असतं, सुमारे ०.१ मायक्रोमोलर. त्याच पेशीत सार्कोप्लाझमिक रेटिक्युलम नावाचं पातळ पिशव्यांचं जाळं असतं. आम्ही त्याला एसआर म्हणतो. त्याच्या आत मोकळं कॅल्शियम साधारण १ मिलिमोलर, म्हणजे बाहेरच्या १०,००० पट. मेंदूकडून मज्जातंतूतून संदेश आला की या पिशव्यांवरच्या वाहिन्या उघडतात आणि कॅल्शियम पेशीद्रवात सांडतं. तिथली पातळी काही मायक्रोमोलरपर्यंत चढते, कॅल्शियम ट्रोपोनिन या प्रथिनाला जाऊन चिकटतं, ॲक्टिनच्या तंतूवरची जागा मोकळी होते आणि मायोसिन हे दुसरं प्रथिन त्या तंतूला ओढायला लागतं. यातलं कॅल्शियम सोडण्याचं काम उताराचं आहे. दार उघडलं की ते आपोआप येतं. खरी मेहनत ते पुन्हा पिशवीत भरताना पडते, कारण तेव्हा कमी पातळीकडून १०,००० पट जास्त पातळीकडे जायचं असतं. तुमची मूठ उघडते तेव्हा प्रत्येक पेशीत हा चढ चढला जात असतो. आकुंचनाच्या काळात स्नायू जेवढं एटीपी जाळतो त्यातलं साधारण एक तृतीयांश मायोसिनकडे जातच नाही. ते मुख्यतः या सर्का पंपांना लागतं.

इथे विद्यार्थी नेहमी दोन गोष्टींची गल्लत करतात, म्हणून सांगते. सैल पडायला एटीपी दोन ठिकाणी लागतं. मायोसिनचं डोकं ॲक्टिनवरून सुटायला एक एटीपी चिकटावं लागतं, आणि कॅल्शियम उपसायला पंपाला वेगळं एटीपी लागतं. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठरतं तेव्हा दोन्ही बंद पडलेले असतात. पंप थांबल्यामुळे कॅल्शियम पाझरत राहतं आणि मायोसिन चिकटलेलं सुटत नाही. तोंडी परीक्षेत यातलं एकच कारण सांगितलं तर मी अर्धेच गुण देत असे.

हा पंप सापडला कसा, हेही थोडक्यात ऐका, कारण त्यात एक धडा मला स्वतःच्या हातांनी शिकावा लागला. १९५१ साली मार्श या शास्त्रज्ञाने दाखवलं की वाटलेल्या स्नायूच्या रसात असं काहीतरी आहे जे आकुंचन पावलेले तंतू सैल करतं. त्याला 'रिलॅक्सिंग फॅक्टर' म्हणू लागले. तो विरघळलेला पदार्थ असेल असं वाटत होतं. टोकियोचे सेत्सुरो एबाशी त्याच्या मागे लागले आणि तो फॅक्टर म्हणजे पटलांचे बारीक कण आहेत, हे कण एटीपीच्या मदतीने कॅल्शियम गिळतात, असं चित्र उभं राहिलं. १९६१ मध्ये जर्मनीत हासेलबाख आणि माकिनोसे यांनी आणि १९६२ मध्ये एबाशी व लिपमन यांनी ते प्रयोगाने मांडलं. तरीही कॅल्शियमसारखा साधा आयन एवढं मोठं काम करतो यावर बराच काळ अनेकांचा विश्वास बसला नाही. एक कारण असं की प्रयोगशाळेतलं कॅल्शियम सहज शून्यावर येत नाही. पाण्यात असतं, काचेत असतं, रसायनांच्या बाटलीत असतं.

माझं तेच झालं. माझी तयारी उत्तम होती. सशाच्या पाठीचा आणि मागच्या पायांचा पांढरा स्नायू, थंड खोलीत मिक्सरमधून काढलेला, आधी हळू फिरवून तंतू आणि मायटोकॉन्ड्रिया बाजूला केलेले, मग १,००,००० जी वर, म्हणजे गुरुत्वाच्या लाखपट जोराने, तासभर फिरवून तळाला बसलेली तपकिरीसर, काचेसारखी चमकणारी गोळी. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर टाकली की १,१०,००० डाल्टन वजनाच्या आसपास एकच जाड पट्टा, कारण जलद स्नायूच्या एसआर पटलातलं बहुतेक प्रथिन हा पंपच असतो. पण कॅल्शियम घातलं काय, न घातलं काय, एटीपी तुटण्याचा वेग सारखाच. तीन आठवडे मला वाटत होतं की एन्झाइम बिघडलंय. मग मार्गदर्शक बाईंनी शांतपणे सांगितलं, थोडं ईजीटीए घाल. ईजीटीए कॅल्शियमला पकडून ठेवतं. ते घातल्याबरोबर वेग धाडकन खाली आला. म्हणजे माझ्या 'बिनकॅल्शियम' नळीत काचेतून आणि पाण्यातून आलेलं कॅल्शियम होतं आणि पंपाला तेवढं पुरेसं होतं. तो १ मायक्रोमोलरच्याही खालचं कॅल्शियम ओळखतो. त्या दिवशी मला सिडनी रिंगर आठवले. लंडनमध्ये त्यांचं बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात छान चालत होतं. १८८३ साली त्यांच्या लक्षात आलं की द्रावण शुद्ध पाण्यात नव्हे, नळाच्या पाण्यात केलं होतं. त्या पाण्यातल्या कॅल्शियमवर हृदय चालत होतं. शुद्ध पाणी वापरलं की ठोके मंदावून थांबत. त्यांनी ही चूक उघडपणे लिहिली, म्हणून हृदयाला कॅल्शियम लागतं हे जगाला कळलं.

आता भोकाकडे येऊ. भोक असतं ते वाहिनीला, आणि भोकातून वस्तू फक्त उताराकडेच जाते. पंपाला सलग भोक असून चालणारच नाही. असतं तर वर चढवलेलं कॅल्शियम त्याच वाटेने परत गळलं असतं.

माझे वडील बीपीटीत, म्हणजे मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमध्ये, कामाला होते. लहानपणी एकदा त्यांनी आम्हा भावंडांना गोदीत इंदिरा डॉकचं लॉक दाखवायला नेलं होतं. आत गोदीतलं पाणी एका पातळीला धरलेलं असतं, बाहेर समुद्र भरती-ओहोटीने खालीवर होत असतो. जहाज आत घ्यायचं तर आधी बाहेरचा दरवाजा उघडतात, जहाज मधल्या लांबट हौदात येतं, बाहेरचा दरवाजा बंद होतो, पाणी आतल्या पातळीला आणतात, मगच आतला दरवाजा उघडतो. दोन्ही दरवाजे एकाच वेळी कधीही उघडत नाहीत. वडिलांनी ते दोनदा सांगितलं होतं. पुढे पुस्तकात 'ऑक्लुडेड स्टेट' हा शब्द वाचला तेव्हा मला तो मधला हौद दिसला: दोन्हीकडे बंद दरवाजे आणि आत अडकलेलं जहाज. पंपाला असेच दोन दरवाजे असतात, एक पेशीद्रवाकडे, एक पिशवीच्या आत, आणि मध्ये दोन कॅल्शियम आयन मावतील एवढा खळगा.

ही उपमा एका जागी तोकडी पडते आणि नेमकी तीच जागा समजून घेण्यासारखी आहे. लॉकमध्ये जहाजाला कोणी धरून ठेवलेलं नसतं. पंपाचा खळगा मात्र कॅल्शियमला घट्ट धरतो. इतका घट्ट, की पेशीद्रवातल्या तुटपुंज्या कॅल्शियममधूनही तो भरतो. पण असा घट्ट धरणारा खळगा आतल्या बाजूला उघडला तर कॅल्शियम सुटणार कसं, तेही जिथे आधीच १ मिलिमोलर कॅल्शियम आहे तिथे? सुटायचं असेल तर पकड हजारपटीहून अधिक ढिली व्हायला हवी. एटीपीची ताकद खर्च होते ती यासाठी. पुस्तकातली बाणांची चित्रं पाहून वाटतं की एटीपी कॅल्शियमला ढकलतं. पण आयनाला कोणी हात लावत नाही. एटीपीमुळे प्रथिनाचा आकार बदलतो, आणि त्या बदलात खळग्याचं तोंड फिरतं व पकड सुटते. एवढं एक वाक्य डोक्यात बसलं की पुढचं सगळं चक्र पाठ करावं लागत नाही.

रचना बघू. जलद स्नायूतल्या प्रौढ प्रकारात, म्हणजे सर्का १ए मध्ये, ९९४ ॲमिनो आम्लांची एकच साखळी आहे. ती पटलातून दहा वेळा आरपार जाते. या दहा नागमोडी दांड्यांना एम१ ते एम१० म्हणतात. पेशीद्रवाच्या बाजूला मोठं डोकं आहे आणि पिशवीच्या आत जवळजवळ काही नाही, लहान वळणं तेवढी. सगळं मिळून उंची साधारण १४ नॅनोमीटर. डोक्याचे तीन भाग: एन, पी आणि ए. एन भाग एटीपी धरतो. पी भागात ३५१ व्या क्रमांकाचं ॲस्पार्टिक आम्ल आहे आणि फॉस्फेट त्याच्यावर येऊन बसतो. ए भाग हलून यंत्र फिरवतो. कॅल्शियमचा खळगा मात्र डोक्यात नाहीच, तो खाली पटलाच्या आत, एम४, एम५, एम६ आणि एम८ या दांड्यांच्या मध्ये आहे. एम४ ही दांडी तिथे मधोमध उलगडलेली आहे, म्हणून तिच्या कण्यातले ऑक्सिजनसुद्धा कॅल्शियमला धरायला मोकळे मिळतात. बाकीची पकड मुख्यतः ग्लुटामिक आणि ॲस्पार्टिक आम्लांच्या ऋणभारित शेपट्यांची.

हे सगळं डोळ्यांना दिसलं २००० साली. जपानच्या चिकाशी तोयोशिमा यांच्या गटाने कॅल्शियम धरलेल्या पंपाची रचना २.६ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने काढली, आणि दोनच वर्षांनी कॅल्शियम सोडलेल्या स्थितीचीही. त्यानंतर डेन्मार्कच्या ऑर्हुसमधल्या गटाने आणि तोयोशिमांनी मधल्या पायऱ्या एकेक करून पकडल्या. पहिलं चित्र पाहिलं तेव्हा मी थक्क झाले ते एका अंतरामुळे. फॉस्फेट बसतो ती जागा आणि कॅल्शियमचा खळगा यांच्यात ५ नॅनोमीटरहून जास्त अंतर आहे. रेणूंच्या जगात हे खूप लांब. मग एकीकडे काय घडलं ते दुसरीकडे कळतं कसं? दांड्यांमुळे. एम५ ही दांडी पिशवीच्या बाजूपासून थेट पी भागाच्या टोकापर्यंत पोचते, कण्यासारखी. ए भाग सैलशा दोऱ्यांनी एम१, एम२, एम३ ला बांधलेला आहे. त्यामुळे वर डोकं हललं की खाली दांड्या ओढल्या, ढकलल्या, तिरक्या होतात.

आता चक्र. ई१ या स्थितीत खळग्याचं तोंड पेशीद्रवाकडे आणि पकड घट्ट. पहिला कॅल्शियम येऊन खोलवर बसतो. त्याच्या बसण्याने दुसरी जागा नीट तयार होते, दुसरा येतो आणि ३०९ व्या क्रमांकाचं ग्लुटामिक आम्ल झाकणासारखं वर येतं. दोन जागा अशा एकमेकींवर अवलंबून असल्यामुळे कॅल्शियमची पातळी थोडी वाढली तरी पंपाचा वेग बराच वाढतो. आता एन भागातलं एटीपी खाली झुकून पी भागाला टेकतं आणि त्याचा शेवटचा फॉस्फेट ३५१ च्या ॲस्पार्टिक आम्लावर जातो. दोन्ही दरवाजे बंद. हाच तो हौद. मग एडीपी, म्हणजे फॉस्फेट देऊन उरलेला एटीपीचा भाग, निघून जातं आणि ए भाग जवळजवळ काटकोनात फिरतो. हे चक्रातलं सगळ्यात मोठं वळण. त्यासरशी एम१ ते एम३ ओढल्या जातात, एम४ खाली दबते, खळग्यातली मांडणी विस्कटते, पिशवीकडचा दरवाजा उघडतो आणि दोन्ही कॅल्शियम सुटतात. त्यांच्या जागी दोन-तीन प्रोटॉन येऊन बसतात, नाहीतर एवढे ऋणभार एकमेकांशेजारी उघडे राहिले असते. ए भागावरचं टीजीईएस नावाचं छोटं वळण आता फॉस्फेटपाशी पोचलेलं असतं. त्यातलं ग्लुटामिक आम्ल पाण्याच्या एका रेणूला नेमकं नेम धरून उभं करतं, फॉस्फेट तुटतो, दरवाजा बंद होतो, प्रोटॉन पेशीद्रवात जातात आणि पंप पुन्हा ई१ होतो.

लक्षात घ्या, फॉस्फेट आधी प्रथिनावर बसतो आणि मग तुटतो, आणि पाण्याला त्याच्यापर्यंत पोचू दिलं जातं ते कॅल्शियम सुटल्यावरच. तुमच्या 'एन्झाइम पंप कसं होतं' या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथे आहे. एटीपी तोडण्याची क्रिया अर्धी अर्धी केली आहे आणि वाहतुकीच्या पायऱ्या त्या अर्ध्यांच्या मधे गुंतवल्या आहेत. त्यामुळे कॅल्शियमशिवाय एटीपी तुटत नाही, आणि एटीपीशिवाय कॅल्शियम चढत नाही.

एका एटीपीमागे दोनच कॅल्शियम का, तीन का नाहीत? हिशेब करून बघा. ३७ अंशांना १०,००० पट फरक चढायला एका मोल कॅल्शियममागे सुमारे २४ किलोज्यूल लागतात. एसआरच्या पटलावर विजेचा दाब जवळजवळ नसतो, त्यामुळे तो धरायला नको. दोघांचे झाले ४८. पेशीत एक मोल एटीपी तुटल्यावर साधारण ५० ते ६० किलोज्यूल मिळतात. दोन बसतात, आणि तिसरा घ्यायचा तर ७२ लागतील. या यंत्रात वाया जाणारं फार थोडं आहे. इतकं थोडं, की ते उलटंही चालतं. भरलेल्या पिशव्यांतून कॅल्शियम मोठ्या उतारावरून बाहेर पडू दिलं आणि सोबत एडीपी व फॉस्फेट दिले, तर हाच पंप एटीपी बनवतो. माकिनोसे आणि हासेलबाख यांनी ते १९७१ मध्ये दाखवलं.

वेगाच्या बाबतीत मात्र हा पंप गरीब आहे. वाहिनीतून सेकंदाला लाखो आयन जातात, एक पंप सेकंदाला काही दहा कॅल्शियम नेतो. स्नायूने त्यावर काढलेला उपाय म्हणजे संख्या. जलद स्नायूच्या एसआरवर एका चौरस मायक्रोमीटरमध्ये सुमारे ३०,००० पंप असतात, संध्याकाळच्या विरार लोकलमधल्या माणसांसारखे खेटून. आणखी एक मदतनीस म्हणजे पार्व्हाल्ब्युमिन. हे छोटं प्रथिन पंपाचा नंबर लागेपर्यंत कॅल्शियम हातात धरून ठेवतं. माशांच्या पांढऱ्या स्नायूत ते भरपूर असतं, आणि ज्यांना मासे खाल्ल्यावर अंगावर गांध्या उठतात त्यांच्यापैकी बहुतेकांची ॲलर्जी याच प्रथिनाची असते.

हृदयात सर्का २ए हा भाऊबंद असतो आणि तिथे त्याला एक लगाम आहे: फॉस्फोलॅम्बन, फक्त ५२ ॲमिनो आम्लांचं प्रथिन. ते पंपाच्या दांड्यांमधल्या खाचेत बसतं आणि पंपाची कॅल्शियमवरची पकड थोडी ढिली करतं. दादरच्या पुलावरून फास्ट लोकल गाठायला तुम्ही धावता तेव्हा काय होतं बघा. मिनिटाला ७२ ठोके असताना एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतात, १८० झाले की ०.३३ सेकंद. तेवढ्यात हृदयाला आवळायचंही आहे आणि सैल पडून भरायचंही आहे. ॲड्रेनलिनमुळे फॉस्फोलॅम्बनच्या १६ व्या क्रमांकाच्या सेरीन या ॲमिनो आम्लावर फॉस्फेट बसतो, लगाम सुटतो, पंप जोरात भरू लागतो. हृदय लवकर सैल पडतं आणि पिशव्या जास्त भरल्यामुळे पुढचा ठोका जोरदार पडतो. एकाच बदलाने दोन्ही कामं होतात, हे मला आजही फार सुंदर वाटतं.

हृदय निकामी होत जातं तेव्हा अनेकदा सर्का २ए कमी झालेलं आढळतं. साहजिकच पंपाचं जनुक हृदयात घालून बघण्याची कल्पना आली. प्राण्यांत निकाल आशादायक होते, पण २५० रुग्णांवरच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, फायदा दिसला नाही. मला याचं वाईट वाटलं, पण पंप चुकीचं लक्ष्य आहे असा अर्थ मी त्यातून काढत नाही. जनुक पुरेशा पेशींत पोचलं का, हा प्रश्न उरतोच. उंदरांच्या निकालांकडे जपून बघावं असंही मी सांगेन. प्रयोगशाळेतल्या घुशीएवढ्या उंदराच्या हृदयात ९० टक्क्यांहून जास्त कॅल्शियम हा पंप उपसतो. माणसाच्या हृदयात साधारण ७० टक्के, आणि उरलेलं मुख्यतः सोडियमच्या बदल्यात पेशीबाहेर जातं.

याच घराण्यातले दोन नातेवाईक तुम्हाला औषधांच्या यादीत भेटतील. सोडियम-पोटॅशियम पंप, जो येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये शोधला आणि ज्यासाठी त्यांना १९९७ चं नोबेल मिळालं, तो डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचं लक्ष्य आहे. जठरातला आम्ल सोडणारा पंप म्हणजे ॲसिडिटीसाठी घरोघरी घेतल्या जाणाऱ्या पॅन्टोप्राझोलचं लक्ष्य. दोघांतही फॉस्फेट ॲस्पार्टिक आम्लावरच बसतो. आपल्या सर्काला अडवणारा प्रसिद्ध पदार्थ थॅप्सिगार्जिन, भूमध्य समुद्राकाठच्या एका विषारी वनस्पतीतला. तो पंपाला ई२, म्हणजे कॅल्शियम सोडलेल्या, स्थितीत खिळवून ठेवतो. तोयोशिमांचं २००२ चं चित्र त्याच्याच मदतीने मिळालं.

पंप बिघडल्याचे आजार दुर्मीळ आहेत, पण फिजिओथेरपिस्टने एक नाव ऐकून ठेवावं. ब्रोडी यांनी १९६९ मध्ये वर्णन केलेला आजार: माणूस जिना भराभर चढतो आणि पाय ताठरतात, लगेच सैल पडत नाहीत, थोडं थांबलं की मोकळे होतात. थंडीत जास्त त्रास होतो. बऱ्याच रुग्णांत सर्का १ च्या जनुकात दोष सापडतो. असा रुग्ण 'मला मूठ उघडायला वेळ लागतो' असंच सांगेल, आणि त्याला आळशी म्हणून घरी पाठवलं जाण्याची भीती असते. उलट प्रकारही आहे. काही जणांत पंप चांगला पण वाहिनी गळकी असते. विशिष्ट भूल दिली की कॅल्शियम धो धो सांडतं, पंप न थांबता उपसत राहतात, एटीपी जळतं आणि शरीराचं तापमान भयानक वेगाने चढतं. त्याचं औषध डॅन्ट्रोलिन. ते गळती कमी करतं, आणि तोपर्यंत पंप तग धरून असतात. पंपाने उष्णता होते हे निसर्गाने चांगल्या कामालाही लावलं आहे. मार्लिन जातीच्या माशांत डोळ्याजवळचा एक स्नायू आकुंचन पावायचं विसरून गेला आहे. त्यात पंपांनी भरलेली पटलंच पटलं आहेत, आणि तो मेंदू व डोळे गरम ठेवतो.

राहिला आजींचा प्रश्न. कॅल्शियमची गोळी या पंपाला चालवत नाही. पेशीच्या पिशव्यांतलं कॅल्शियम आतल्या आत फिरत असतं, बाहेर आणि परत आत. पंपाला हवं असतं एटीपी, तेही मॅग्नेशियम जोडलेलं. रक्तातलं कॅल्शियम खरोखर कमी झालं तर वेगळं घडतं. मज्जातंतू उतावीळ होतात आणि हाताची बोटं आखडतात, ओठांभोवती मुंग्या येतात. वयस्कर माणसांना रात्री येणारे पोटऱ्यांचे गोळे बहुतेक वेळा मज्जातंतूंच्याच टोकांपासून सुरू होतात असं मानलं जातं. म्हणून पाऊल नडगीकडे ताणलं की ते लगेच सुटतात, आणि झोपण्यापूर्वी पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम तुम्ही आजींना शिकवू शकता. कॅल्शियमच्या गोळ्या हाडांसाठी सांगितल्या असतील तर त्या त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. लघवी वाढवणारं औषध किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि एक तपासणी तुमच्याच हातची आहे. थायरॉइडचं संप्रेरक स्नायूपेशींत सर्का जास्त बनवायला लावतं. ते कमी पडलं की पंप कमी होतात आणि स्नायू सावकाश सैल पडतो. अशा माणसांना अंगदुखी आणि गोळे दोन्ही येतात. आजींना खुर्चीवर गुडघे टेकवून पाठमोरं उभं करा, पावलं कडेबाहेर लोंबती राहू द्या, मागच्या कठड्याचा आधार घ्यायला सांगा आणि कोणाला तरी जवळ उभं ठेवा. टाचेच्या वरच्या जाड स्नायुबंधावर हातोडी मारा. पाऊल उडेल तिकडे बघू नका, ते परत येताना बघा. झटकन आलं तर ठीक. अडखळत, जड पावलाने आलं तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या.